एका कानाला पाच स्पीकर

खांदेश्वर,
५ जानेवारी २०२५

गीते,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा कार्डावर छापून मिळतात, त्या तिथूनच घे. माझ्याकडे त्याहून मोठी बातमी आहे. माझ्या हॉलमध्ये पाच स्पीकर लागलेत! दोन टीव्हीच्या दोन बाजूंना, एक खाली मधोमध, आणि दोन सोफ्याच्या मागे स्टुलांवर. शिवाय एक ढब्बू खोका आहे, तो नुसताच धाडधूम करतो. त्याला मी मोजत नाही.

वरच्या मजल्यावरची संघप्रिया आठवते ना, जिच्या हातची भाकरी तू मागून मागून खाल्लीस? तिच्या नवऱ्याची, प्रितमची, नागपूरला बदली झाली. सामान बांधताना म्हणाली, "काकू, हा सेट जुना झालाय, प्रितम बोलतो भंगारात टाकू. तुम्हाला पायजे का?" मी म्हटलं, पाहिजे. विचार नंतर केला.

स्वानंदला फोनवर सांगितलं तर तो खो खो हसला. "आई, एका कानाला पाच स्पीकर?" पोटच्या पोराचं हसू आहे म्हणून गिळलं. दुसरा कोणी असता तर टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावरच्या आवाजात उत्तर दिलं असतं.

पण तूच सांग, दोन कानवाल्यांना काय कळणार? लहानपणी गालगुंडं झाली आणि उजवा कान गेला, तेव्हापासून मी जगाची एकच बाजू ऐकतेय. लग्नात, बारशात, नाटकाला, कुठेही गेलं की आधी उजवीकडचा कोपरा धरायचा, म्हणजे सगळी माणसं डावीकडे येतात. स्वतःच्या घरातसुद्धा मी सोफ्याच्या टोकाला बसते, पाहुण्यासारखी. ॲम्प्लिफायरवर प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो, गीते. डावीकडचे वाढवले, की मी मधोमध बसू शकते. माझ्या घराच्या मधोमध. एवढंच मला हवंय आणि त्यासाठी कोणाची परवानगी नकोय.

जोडणी एकटीने केली. कॉम्प्युटर स्वानंदचा जुना. टीव्ही त्यानेच माझ्या वाढदिवसाला भिंतीवर ठोकून दिलेला. कॉम्प्युटरमधून एक चपट्या तोंडाची वायर टीव्हीत जाते, चित्र आणि आवाज दोन्ही घेऊन. संघप्रियाचा ॲम्प्लिफायर जुन्या पिढीतला, त्याला ती चपटी वायर घालायला जागाच नाही. म्हणून टीव्हीच्या पाठीतून दुसरी बारीक वायर, जिच्या टोकाला लाल दिवा दिसतो, ती ॲम्प्लिफायरमध्ये. आणि तिथून पाच जणांना पाच वायरी. म्हणजे आपला एक्स्चेंजचा बोर्डच की! ॲम्प्लिफायरवर चाचणीचं बटण आहे. ते दाबलं की एकेका स्पीकरमधून खर्रर्र असा आवाज फिरतो. पाचही जण बोलले. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. धूळ बसू नये म्हणून पाचांनाही क्रोशाचे रुमाल घातलेत. हसू नकोस.

येत्या रविवारी स्वानंद आणि सूनबाई ऋता वाशीहून येतायत. परत तेच पुराण लावतील, की आई, एकटी राहू नको, दाराची बेल ऐकू आली नाही तर काय, कुकरची शिट्टी ऐकू आली नाही तर काय. मागे एकदा कंटाळून मी त्यांना शब्द दिलाय, की ज्या दिवशी डावा कान जाईल त्या दिवशी हे घर सोडून वाशीला येईन, त्याआधी नाही. तो शब्द ते धरून बसलेत. बसू देत. रविवारी त्यांना असा जंगलाचा माहितीपट दाखवते की हत्ती सोफ्यामागून आला पाहिजे.

तुझी,
मीना


कराड,
११ जानेवारी

मीने,

जगात दोनच बायका अशा असतील, ज्यांनी उभा जन्म लोकांचे फोन जोडले आणि आता एकमेकींना फोन करत नाहीत. काल आकाश म्हणाला, "आई, पोस्टमन फक्त तुझ्यासाठी येतो या गल्लीत." म्हटलं, येऊ दे, त्यालाही काम नको?

तुझं पत्र वाचून हसले आणि मग नाही हसले. मला आपला बोर्ड आठवला. तू डाव्या कानावर हेडसेट लावून बसायचीस आणि मी तुझ्या उजवीकडे. सुपरवायझरबाई उजवीकडून हाका मारत आल्या की मी तुझ्या खांद्यावर टिचकी मारायची आणि तू अशी काही वळायचीस, जणू केव्हाचंच ऐकलंय. रिटायर होईपर्यंत एकालाही कळलं नाही. भरतीच्या तपासणीत डॉक्टरांनी उजव्या कानाला घड्याळ लावलं तर म्हणालीस, "सर, हे थोडं मागे पडतंय." डांबिस!

पण मैत्रीण म्हणून विचारते, वाशीला जायचं इतकं वावडं कशाला? मी बघ, डोंबिवलीचा ब्लॉक विकून इथे आले. काय वाईट आहे? दोन वेळचं गरम जेवण, औषधं हातात. टीव्ही हॉलमध्ये त्यांचा चालू असतो, पण मला तशी आवडच राहिली नाही. मी मागच्या खोलीत वाचत बसते. शांत असतं. सुखात आहे मी.

रविवारचा वृत्तांत सविस्तर कळव. हत्ती कुठून आला ते मुख्य.

तुझी,
गीतांजली


खांदेश्वर,
२० जानेवारी

प्रिय गीतांजली,

तुझं पत्र पोचलं. रविवार छान झाला. दोघं आले होते. मी पुरणपोळी केली होती. माहितीपट लावला. दोघांनाही आवडलं, मागून आवाज फार सुंदर येतो म्हणाले. स्वानंदने व्हिडिओ काढून मित्रांना पाठवला.

बाकी विशेष नाही. थंडी बरी आहे. तू कढीपत्ता कुंडीत लावला होतास, तो कराडला नेल्यावर जगला का? जुन्या झाडाला जागा बदललेली सोसते का, हे कोणाला तरी विचारून ठेव.

तब्येतीची काळजी घे.

मीना


कराड,
२७ जानेवारी

मीना परांजपे,

सात ओळींचं पत्र! तू सात ओळींची बाई नाहीस. पुरणपोळीवर एक ओळ, हत्तीवर एकही नाही. आणि वर मला "प्रिय गीतांजली"! आपलं कडाक्याचं भांडण झालं होतं त्या वर्षीसुद्धा तू मला "गीते" म्हणून शिव्या घातल्या होत्यास.

कढीपत्ता मेला. आल्यावर महिन्याभरात. आता खरं काय ते लिही. लिहिलं नाहीस तर मी फोन करीन, आणि आपला फोन न करण्याचा करार मोडल्याचं पाप तुझ्या डोक्यावर.

गीता


खांदेश्वर,
३ फेब्रुवारी

गीते,

फोन नको करूस. तुझा आवाज ऐकला तर मी रडेन, आणि रडताना मला नीट ऐकू येत नाही. आधीच जेवढं येतं तेवढं पुरे झालं.

हत्ती आला नाही.

माहितीपट सुरू झाला. पुढच्या स्पीकरमधून सगळं व्यवस्थित. मागच्यांतून मला काहीच नाही. स्वानंद मात्र मान वळवून वळवून बघत होता, "आई, कसलं भारी! पानं वाजतायत मागे!" ऋताही हो म्हणाली. मीही हसून म्हटलं, आहे ना? ते गेल्यावर मी परत लावलं. सोफ्यावर गुडघे टेकून डावा कान मागच्या स्पीकरला चिकटवला. काही नाही, गीते. अगदी काही नाही.

वायर तपासली. चाचणीचं बटण दाबलं. खर्रर्र मागच्या दोन्हींतून खणखणीत ऐकू आली. म्हणजे स्पीकर चांगले, वायरी चांगल्या. राहिलं कोण? मी. मागे कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वयानुसार कान जातो तेव्हा आधी बारीक आवाज जातात. पानं, पावलं, चिमण्या. आणि संघप्रिया सेट देताना म्हणाली होतीच, की मागच्यांतून असलेच बारीक आवाज येतात. खर्रर्र ही दांडगट, ती पोचते. पानं पोचत नाहीत. दोन कानवाल्या दोन माणसांना ऐकू येतंय आणि मला नाही, यात आता शोधायचं काय उरलं?

मी शब्द दिला होता. तो फिरवायची बाई मी नाही. स्वानंदला म्हटलं, गुढीपाडव्याला येते तुमच्याकडे. कारण सांगितलं नाही. म्हटलं, कंटाळा आला. त्याचे डोळे भरून आले, वेडा. दुसऱ्याच दिवशी तो घर भाड्याने द्यायला ब्रोकरला घेऊन आला. ब्रोकरने हॉलमध्ये पावलं टाकून माप घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, हे स्पीकर-बिकर काढून घ्या, रूम मोठी दिसेल." मी काढले नाहीत. पण त्याच्याशी भांडलेही नाही. बघ, माझं काय झालंय ते.

वाशीला माझी खोली त्यांनी रंगवायला घेतलीय. फिकट गुलाबी. मला कोणी विचारलं नाही.

मीना


कराड,
८ फेब्रुवारी
(स्पीड पोस्टने)

मीने,

उभ्याने वाच आणि वाचून होईपर्यंत बॅगेला हात लावू नकोस.

तू ऑपरेटर होतीस की भाजी निवडत होतीस? गिऱ्हाईक म्हणालं, ऐकू येत नाही, तर आपण कधी म्हटलं का की साहेब, तुमचा कान गेला? आधी लाइन तपासायची, माणूस शेवटी. हे तूच मला पहिल्या आठवड्यात शिकवलंस, आणि स्वतःच्या वेळी थेट माणसापासून सुरुवात केलीस!

मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. पण तू लिहिलेलं पहिलं पत्र मी चारदा वाचलं. चाचणीचं बटण कुठे आहे? ॲम्प्लिफायरवर. म्हणजे ती खर्रर्र कुठे तयार होते? त्याच्याच पोटात. तिथून स्पीकरपर्यंत जाते. ही तुझी लोकल लाइन झाली, ती उत्तम आहे. पण सिनेमाचा आवाज येतो कॉम्प्युटरमधून टीव्हीत आणि टीव्हीतून ॲम्प्लिफायरमध्ये. ती ट्रंक लाइन, परगावची. ती तू तपासलीस कधी? गावातल्या गावात फोन लागतो म्हणून पुण्याची लाइन चालू आहे, असं आपण कधी धरलं होतं का?

आता सांगते ते कर. रुमाल काढ. मागचा एक स्पीकर उताणा ठेव, जाळी निघत असेल तर काढ, आणि त्या मधल्या काळ्या पडद्यावर मोहरीचे दाणे टाक. पुढच्या एकाचंही तसंच कर. मग जिथे सगळे हत्ती एकदम उधळतात असा भाग लाव, मोठ्या आवाजात. कानांनी ऐकू नकोस. डोळ्यांनी बघ. मोहरीला वय नसतं आणि ती कोणाचं मन राखत नाही.

शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलंय. तुझ्या दोन कानवाल्या साक्षीदारांवर माझा विश्वास नाही. आमच्याकडे मी भाजी खारट केली तरी सगळे "छान झालीय" म्हणतात आणि ताटात ठेवून उठतात. प्रेमाची माणसं वाईट साक्षीदार असतात, मीने.

गीता


खांदेश्वर,
१८ फेब्रुवारी

गीते, अगं गीते,

पुढच्या स्पीकरवरची मोहरी फोडणीत पडल्यासारखी उडाली. अजून सोफ्याखाली सापडतेय. आणि मागची? ढिम्म. एक दाणा हलला नाही. हत्ती उधळले, झाडं मोडली, सबंध कळप नदीत पडला आणि माझी मोहरी कीर्तनाला बसल्यासारखी बसून. मी त्या काळ्या पडद्यावर तळहात ठेवला. गार, मुकाट. मागून आवाज येतच नव्हता! मला नाही, कोणालाच नाही. पहिल्या दिवसापासून!

मी जमिनीवर बसले आणि आधी हसले. मग जो राग आला तो तुला काय सांगू.

पण आधी ट्रंक. तीन दिवस मी तिच्यामागे होते. शेवटी कळलं ते असं, की कॉम्प्युटर टीव्हीला विचारतो, बाबा रे, तुझ्याकडे स्पीकर किती? टीव्ही म्हणतो, दोन. खरंच आहे, त्याच्या अंगात दोनच आहेत. मग कॉम्प्युटर पाच जणांचा आवाज घोटून दोघांत बसवतो आणि तेवढाच पुढे पाठवतो. टीव्हीला काय माहीत त्याच्या पाठीमागे मी बसलेय माझे पाच घेऊन! मग कॉम्प्युटरवर सिनेमाच्या सेटिंगमध्ये जाऊन सांगितलं, तू आवाज उलगडू नकोस, आहे तसा बांधलेला पुढे दे. टीव्हीच्या सेटिंगमध्येही आवाज दोनाचाच करून द्यायचा असं ठरलेलं होतं, ते बदलून सांगितलं, तू मध्ये बोलू नकोस, नुसता पुढे दे. ॲम्प्लिफायरवर नवा दिवा पेटला. आणि मागची मोहरी, गीते, नाचली!

मग मी सोफ्याच्या मधोमध बसले. डावीकडचे वाढवून घेतले. दिशा मला अजूनही कळत नाही, ते देणं माझं नाही. पण खोली भरली हे कळलं. पानं ऐकू आली. बारीकसारीक सगळी. तेव्हा मात्र मी रडले, आणि रडतानाही ऐकू येत होतं.

आता रविवारचं ऐक. स्वानंद आणि ऋताला जेवायला बोलावलं. ते यायच्या आधी मागचे दोन्ही स्पीकर उचलून आतल्या पलंगावर ठेवले. स्टुलांवर एका बाजूला पोह्यांचा डबा, दुसऱ्या बाजूला साबुदाण्याचा. वर तेच क्रोशाचे रुमाल. माहितीपट लावला आणि म्हटलं, "स्वानंद, आज मागून कसं वाटतंय? खरं सांग हां."

तो डोळे मिटून म्हणाला, "एकदम क्लियर, आई. मागच्यापेक्षा भारी. हत्ती मागूनच आला."

मी उठले, रुमाल उचलला आणि त्याच्या हातात पोह्यांचा डबा दिला.

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ऋता हळूच म्हणाली, "मला त्या दिवशीपण नव्हतं येत. पण हा म्हणाला येतंय, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय." म्हणजे बघ, तिचे दोन कान धडधाकट असून तिचीही तीच गत!

"आई, तुला वाईट वाटू नये म्हणून गं," स्वानंद म्हणाला. "तू एवढी एक्साइट झाली होतीस. त्यात टेन्शन घेण्यासारखं काय आहे?"

मी म्हटलं, "तुझ्या चांगुलपणानं माझं घर हातचं जायला निघालं होतं." मग सगळं सांगितलं. कान स्पीकरला लावून बसले होते ते, ब्रोकर आला तेव्हा गप्प का राहिले ते, सगळं. त्याने डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "सॉरी, आई. म्हणजे आता डावा कान जाईपर्यंत तू येणार नाहीस."

आणि इथे, गीते, मला एकदम उजेड पडला. मी म्हटलं, "नाही. गेला तरी येणार नाही. तो शब्द मी घाबरून दिला होता, तो परत घेतला. कान गेला तर बेलला दिवा लावीन. बेल वाजली की हॉलमध्ये दिवा पेटतो, तसं मिळतं, मी चौकशी केलीय. कुकरसमोर उभी राहीन. माझं घर माझ्या कानावर टांगलेलं नाही. तुमच्याकडे राहायला येईन, चार दिवस, पाहुणी म्हणून, आणि ती खोली गुलाबी असेल तर दोनच दिवस."

ऋता हसली आणि रंग बदलते म्हणाली. स्वानंद हसला नाही. तो आत गेला, पलंगावरचे स्पीकर उचलून आणले, स्टुलांवर ठेवले आणि मला विचारून विचारून वायरी जोडल्या. मग सोफ्याच्या टोकाला बसला. मधली जागा त्याने माझ्यासाठी सोडली. ब्रोकरला त्याने माझ्यासमोरच नाही म्हणून कळवलं.

काल जाऊन कान तपासूनही आले, एकटी. वयाच्या मानाने बरा आहे म्हणाले. मला माहीतच होतं, मोहरीने आधीच सांगितलं होतं.

आता तुझं. ताटात ठेवून उठतात? मागच्या खोलीत शांत असतं? कढीपत्ता महिन्याभरात मेला? मी एका कानाची असेन, पण पत्र दोन्ही डोळ्यांनी वाचते. तू कशी आहेस ते खरं लिही. सात ओळींत नको.

मीना


कराड,
२५ फेब्रुवारी

मीने,

तुझं पत्र मी हॉलमध्ये बसून वाचलं. टीव्ही त्यांचा चालू होता, तरी बसले. सुनेने दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा तिने सरकून जागा दिली. वाईट नाही गं ती. मीच इतके दिवस मागितली नव्हती.

डोंबिवलीचा ब्लॉक विकला तेव्हा माझे कान, डोळे, गुडघे सगळं शाबूत होतं. आकाश म्हणाला, आई, एकटी कशाला राहतेस, आणि मी हो म्हटलं. नाही म्हणायचं असतं हे मला सुचलंच नाही. लोकांना आयुष्यभर "जोडून देते" म्हणायची सवय, दुसरं काय. "सुखात आहे" असं तुला दर पत्रात लिहायचे, कारण तू नाहीतर तिकडून भांडायला आली असतीस. तुला वाईट वाटू नये म्हणून गं. बघ, मीसुद्धा स्वानंदच निघाले.

ब्लॉक आता परत येत नाही. ते सोडून दे. पण मार्च मी खांदेश्वरला काढणार आहे, सबंध मार्च, आणि आवडलं तर पुढचंही बघू. आज जेवताना आकाशला सांगितलं. तो म्हणाला, "अगं पण आई, विचारायचं तरी." म्हटलं, विचारत नाहीये, सांगतेय. आणि भाजी खारट होती, ती मी ताटात ठेवली आणि खारट आहे म्हणून सांगितलं.

कढीपत्त्याचं नवं रोप घेऊन येते. तुझ्या गॅलरीत लावू.

तू मधोमध बस. मी तुझ्या उजवीकडे बसणार. हत्ती त्या बाजूने आला तर टिचकी मारीन.

गीता